दहा मिनिटांचा संसार

दहा मिनिटांत काय काय होऊ शकते? चूल पेटवून चहा होतो. शाळेत एक तास संपून दुसऱ्या तासाचे मास्तर वर्गात येऊन हजेरी संपेपर्यंत दहा मिनिटे सहज जातात. दिवाळीच्या पहाटे एका पोराच्या डोक्याला तेल चोळून त्याला मोरीवर बसवायलाही तेवढाच वेळ लागतो. दहा मिनिटे म्हणजे काही मोठा ऐवज नव्हे. इतिहासाच्या ग्रंथांत तर दहा मिनिटांना कोणी ओळही देत नाही. तेथे शतके असतात, युगे असतात.

संगीताच्या इतिहासाचेही तसेच आहे. पाश्चात्त्य संगीताचे कोणतेही जाडजूड पुस्तक उघडावे, तर त्यात शंभर-शंभर वादकांच्या वाद्यवृंदासाठी रचलेल्या सिंफनी असतात, चार-चार तास चालणाऱ्या संगीतिका असतात. लहान रचनांना तेथे पंक्तीत पाट मिळतो, पण दाराजवळचा. अशाच एका दाराजवळच्या पाटावर बसलेल्या रचनेची ही हकीकत आहे. बासरी, ओबो आणि पियानो या तीन वाद्यांसाठी मॅडेलीन ड्रिंग या इंग्रज बाईंनी १९६८ मध्ये ती रचली. वाजायला दहा-अकरा मिनिटे पुरतात. तीन भाग आहेत आणि नावही अगदी साधे : ‘ट्रायो’, म्हणजे त्रिकूट.

या तीन वाद्यांपैकी बासरी आणि पियानो आपल्या ओळखीचे आहेत. मात्र तिकडची बासरी वेळूची नसून बहुधा चांदीची किंवा तत्सम धातूची असते आणि तिच्या भोकांवर चाव्यांची यंत्रणा असते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले. ओबोचा परिचय मात्र करून द्यायला हवा. आणि तो करून देणे फारसे अवघड नाही, कारण ओबो ही आपल्या सनईची दूरची चुलत बहीण आहे. सनईला जशी तोंडाशी दोन पात्यांची पत्ती असते, तशीच ओबोलाही असते. पूर्वेकडची ही दुहेरी पत्तीची वाद्ये मध्ययुगात युरोपात पोहोचली. तेथे ती गावच्या जत्रांत, मिरवणुकींत कर्कश आवाजात वाजत राहिली आणि सतराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील कारागिरांनी त्यांना घासूनपुसून, आवाज मऊ करून राजवाड्यातील मैफलीत आणून बसवले. लग्नमंडपातली सनई एका बहिणीने सांभाळली, दिवाणखाना दुसरीने सांभाळला, असे म्हटले तरी चालेल.

आजही पाश्चात्त्य वाद्यवृंद मैफलीपूर्वी सुरात लावायचा असला, की सर्वांना मूळ सूर देण्याचा मान बहुधा ओबोकडे असतो. त्या एका सुरावर सारे व्हायोलिनवाले आपापल्या तारा जुळवून घेतात.

पण हा मान महागात पडतो. ओबोची पत्ती ही बोरूच्या जातीच्या वनस्पतीची असते. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या बोरूने कित्ते गिरवले, त्याच कुळातली. ती घडी घालून धातूच्या बारीक नळीवर दोऱ्याने आवळायची आणि मग धारदार सुरीने केसाकेसाने तासत बसायचे. पाते किंचित जाड राहिले तर सूर निघत नाही. किंचित अधिक तासले गेले तर सूर चिरका होतो, आणि सारी मेहनत केरात जाते. इतके करून साधलेली पत्ती काही थोड्या आठवड्यांची सोबतीण! म्हणून बहुतेक जाणते ओबोवादक आयुष्यभर पत्त्या तासत असतात. अशा माणसाच्या घरात सुऱ्या, दोरे आणि लाकडाचा भुसा यांना तोटा नसतो.

मॅडेलीनबाईंच्या घरात हेच होते. त्यांचे यजमान रॉजर लॉर्ड हे लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचे प्रमुख ओबोवादक. त्या एकाच आसनावर ते तीस वर्षांहून अधिक काळ, १९८६ पर्यंत बसले. अर्थात ही हकीकत जितकी संगीताची, तितकीच एका संसाराचीही आहे.

मॅडेलीनबाईंचा जन्म ७ सप्टेंबर १९२३ चा, लंडनमधला. वडील वास्तुविशारद, घरात गाण्यावाजवण्याची आवड. दहाव्या वर्षी ही मुलगी व्हायोलिनची शिष्यवृत्ती मिळवून रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकच्या बालविभागात दाखल झाली. हे कॉलेज लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात १८८३ पासून चालू आहे. इंग्लंडच्या संगीताची ती मोठी टाकसाळच म्हणायची. पुढे व्हायोलिन मागे पडले, पियानो आणि स्वररचना पुढे आली. हर्बर्ट हॉवेल्स हे तिचे रचनेचे मुख्य गुरू. गॉर्डन जेकब आणि खुद्द राल्फ व्हॉन विल्यम्स यांचेही मार्गदर्शन तिला लाभले. एका विद्यार्थिनीला याहून थोर गुरुकुल त्या काळच्या इंग्लंडात मिळते ना!

पण या मुलीला आणखी एक खोड होती, ती नाटकाची. बालविभागात दर वर्षी मुलांची नाटके होत. त्यांत ती काम करी, गाई, आणि पुढे त्यांना संगीतही देऊ लागली. अभिनय आणि मूकाभिनय यांचे शिक्षण तिने रीतसर घेतले. हात चित्रकलेतही चाले. व्यंगचित्रे छान काढी. शाळामास्तरांच्या परिचयाची ही एक जात आहे. वर्गात असा एखादा विद्यार्थी असतो की त्याला सारेच येते, आणि म्हणून मास्तरांना त्याच्याविषयी कौतुकाइतकीच चिंताही वाटते. जो एकच विहीर खणतो त्याला पाणी लागते, असे आपण मुलांना बजावत असतो. मॅडेलीनबाईंनी चार-पाच विहिरी एकदम खणायला घेतल्या होत्या.

१९४७ मध्ये रॉजर लॉर्ड यांच्याशी त्यांचे लग्न झाले. १९५० मध्ये मुलगा झाला. आणि पुढची वर्षे पाहू गेले तर बाईंच्या कामाची यादी मोठी मौजेची आहे. लंडनमध्ये त्या काळी छोटी प्रहसने, गाणी आणि टवाळी यांची मिसळ करून सादर होणारे रंजनाचे कार्यक्रम फार लोकप्रिय होते. ‘एअर्स ऑन अ शूस्ट्रिंग’ नावाचा असा कार्यक्रम १९५३ मध्ये रॉयल कोर्ट थिएटरात लागला आणि त्याचे सातशेहून अधिक प्रयोग झाले. त्यात मॅडेलीनबाईंचीही गाणी होती. त्यांनी नभोवाणी आणि दूरचित्रवाणीसाठी संगीत दिले, दोन पियानोंसाठी नाचरे तुकडे लिहिले, पियानो शिकणाऱ्या मुलांसाठी धडे रचले. १९६३ च्या ‘कलर सूट’ मध्ये तर प्रत्येक तुकड्याला एकेक रंग दिला आहे : तांबडा, गुलाबी, पिवळा, निळा आणि तपकिरी. शिवाय कवितांना चाली. या गीतांचे त्यांना वेड होते आणि ती गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

या यादीत सिंफनी नाही, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. मग टीकाकारांनी ठेवणीतले विशेषण काढले : ‘हलकेफुलके’. हे विशेषण दिसायला गोड, पण त्याचा अर्थ असा की, बाई, तुम्ही छान आहात, आता जरा बाजूला बसा! विनोदी लेखकांना आपल्या साहित्यातही हा अनुभव येतो. हसवणाऱ्याची पाठ सगळे थोपटतात. मात्र अध्यक्षपदासाठी दुसऱ्या कोणाचे तरी नाव सुचवतात.

त्यात काळही असा होता की गोड चाल रचणे हा जवळजवळ अपराध ठरावा. १९६० च्या दशकात युरोपातील नव्या संगीताने सुरावट, लय, राग-रंग यांची जुनी घडी पुरती मोडायचे ठरवले होते. बुलेझ आणि स्टॉकहाउझेन ही तेव्हाची मोठी नावे. लंडनच्या बीबीसीतही १९५९ पासून संगीतविभागाची सूत्रे विल्यम ग्लॉक यांच्या हाती होती, आणि त्यांचा ओढा या नव्या प्रवाहाकडे होता. त्यामुळे जुन्या वळणाने लिहिणाऱ्या अनेक इंग्रज संगीतकारांची भावना अशी झाली की आपल्याला आता कोणी विचारत नाही. नव्याचा आग्रह धरणारे चुकले, असे मला म्हणायचे नाही. नवे यायलाच हवे. पण नव्याच्या मिरवणुकीत घरचे माणूस चेंगरू नये, एवढीही काळजी घ्यायला हवी.

अशा त्या १९६८ साली मॅडेलीनबाईंनी आपले त्रिकूट लिहिले. आता त्यातील कारागिरी पाहू.

बासरी आणि ओबो ही दोन्ही फुंकून वाजवण्याची वाद्ये, पण स्वभावाने एकमेकींच्या अगदी उलट. बासरी खालच्या सप्तकात कुजबुजते आणि वर गेली की झळाळते. ओबो खालच्या सुरांत भरदार, थोडा रांगडा. वर जाऊ लागला की बारीक होतो. म्हणजे दोघींना एकाच उंचीवर बेफिकीरपणे बोलायला लावले, तर एकीचा आवाज दुसरी गिळून टाकणार. श्वासाचेही तसेच. बासरीवाल्याचा श्वास भराभर खर्च होतो. ओबोच्या चिंचोळ्या पत्तीतून मात्र हवा इतकी थोडी जाते की वादकाच्या छातीत शिळी हवा कोंडून राहते. नवा श्वास घेण्यापूर्वी त्याला जुना बाहेर टाकावा लागतो. त्याला ती उसंत दिली नाही, तर सुरेल वादकही कासावीस होतो. आणि तिसरा गडी पियानो! त्याला दहा बोटे आणि सात सप्तके. तो मनात आणील तर दोघींनाही बुडवील.

या तिघांना एकत्र नांदवायचे म्हणजे एकत्र कुटुंबातील कर्त्या बाईचेच कौशल्य हवे. कोणाला केव्हा पुढे करायचे, कोणाला दोन घटका विसावा द्यायचा, थोरल्याचा आवाज कोठे दाबायचा, हे तिला न सांगता कळावे लागते. मॅडेलीनबाई स्वतः उत्तम पियानो वाजवीत. ओबोवादकाशी संसार करून त्यांना तेव्हा वीस-एकवीस वर्षे झाली होती. पत्ती बिघडल्याने यजमानांचा चेहरा कसा होतो, श्वास कोठे अडतो, कोणता सूर खुशीत निघतो आणि कोणता नाइलाजाने, हे ज्ञान पुस्तकात मिळत नाही. ते घरातच मिळते. त्रिकुटात ओबोला ज्या जागा दिल्या आहेत, त्या पाहिल्या की हे ज्ञान ठायी ठायी दिसते.

पहिला भाग उत्साहाने उसळणारा आहे. त्याची गंमत तालात आहे. आपण त्रितालात बसलो आहोत अशा भरवशाने मान डोलवू लागावे, तोच मात्रांचा हिशेब बदलावा, असे त्यात वारंवार होते. पाऊल चुकते, पण पडत नाही. अंगणात लंगडी खेळणाऱ्या मुलीसारखे तोल सावरून पुढे जाते. फ्रेंच संगीतकार पूलांक आणि अमेरिकन जॅझ या दोहोंची त्यांना आवड होती. त्या दोहोंचा खट्याळपणा येथे उतरला आहे.

दुसरा भाग संथ. स्वररचनाकाराने वर सूचनाच लिहिली आहे ती साधेपणाने वाजवण्याची. पियानो खालून शांतपणे सुरांचे आस्तरण घालतो आणि ओबो व बासरी एक लांब, गीतासारखी सुरावट एकमेकींच्या हाती देतात. या दोन-चार मिनिटांत टवाळी नाही, तालाच्या करामती नाहीत. ज्या बाईंना जग ‘हलकेफुलके’ म्हणत होते, त्यांच्याजवळ काय होते ते येथे ऐकू येते. हसणाऱ्या माणसाने एखाद्या संध्याकाळी गप्प होऊन खिडकीबाहेर पाहावे, तसा हा भाग आहे.

तिसरा भाग पुन्हा हसतखेळत येतो. धावपळीच्या मध्यावर पियानो थांबतो, आणि बासरी व ओबो दोघीच बोलू लागतात. एकीने फिरत घ्यावी, दुसरीने तिला जोड द्यावी, अशी ती जुगलबंदी चालते. मग पियानोला राहवत नाही. तिघे मिळून धूम ठोकतात आणि रचना संपते. टाळ्या वाजवायचे भान यायला क्षणभर लागते, इतकी ती अचानक संपते.

हे त्रिकूट प्रथम वाजले ते लंडनमध्ये नव्हे, तर समुद्रापार अमेरिकेत. फ्लोरिडातील डेटोना बीच येथील संगीतमहोत्सवासाठी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा त्या काळी उन्हाळ्यात तेथे जात असे. तेथे १९६८ मध्ये ओबोवर रॉजर लॉर्ड, बासरीवर त्याच वाद्यवृंदाचे प्रमुख बासरीवादक पीटर लॉइड आणि पियानोवर आंद्रे प्रेविन अशी मंडळी बसली. प्रेविन हे मोठे अजब गृहस्थ. जन्म बर्लिनचा, वाढले हॉलिवुडात. चित्रपटसंगीतासाठी चार ऑस्कर मिळवलेले, जॅझ पियानोत नाव कमावलेले, आणि त्याच १९६८ मध्ये लंडन सिंफनीचे प्रमुख संगीतनियोजक झालेले. ‘हलके’ आणि ‘भारी’ यांच्यामधली भिंत ज्याने आयुष्यभर मानली नाही, असाच पियानोवाला या रचनेला पहिल्या दिवशी मिळावा, हा योग खरा!

प्रेविन यांची आपल्याकडची एक ओळख येथे सांगण्यासारखी आहे. पंडित रविशंकर यांनी सतार आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांच्यासाठी पहिली मोठी रचना केली, ती याच लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने मागितली होती. १९७१ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ती सादर झाली तेव्हा वाद्यवृंदापुढे प्रेविनच उभे होते. मॅडेलीनबाईंचे यजमान त्या काळी त्याच वाद्यवृंदाचे प्रमुख ओबोवादक होते. जग किती लहान आहे, ते संगीतात अधिक कळते.

१९७० मध्ये त्रिकूट छापले गेले. यजमानांसाठी बाईंनी आणखीही लिहिले. ओबो, बसून आणि हार्पसिकॉर्ड यांचे एक त्रिकूट त्यानंतरचे आहे. १९७६ मध्ये जॉन बेट्जमन यांच्या पाच कवितांना त्यांनी चाली दिल्या. ही गीते आज त्यांच्या उत्तम गीतांत मोजली जातात. आणि पुढच्याच वर्षी, २६ मार्च १९७७ रोजी, मेंदूतील रक्तस्रावाने त्या अचानक गेल्या. वय अवघे त्रेपन्न.

येथे ही हकीकत संपायला हरकत नव्हती. पुष्कळ कलावंतांची अशीच संपते. मागे कागदांची एक पेटी उरते. वर्ष-दोन वर्षे ती माणसांच्या डोळ्यांसमोर असते, मग माळ्यावर जाते, मग घर बदलते. मॅडेलीनबाईंची बरीचशी गीते त्या गेल्या तेव्हा छापलेलीही नव्हती. प्रसिद्धीच्या मागे लागणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

पण पेटी माळ्यावर गेली नाही. रॉजर लॉर्ड यांनी ती उघडी ठेवली. वाद्यवृंदातील नोकरी सांभाळून आणि नंतर निवृत्तीतही ते हस्तलिखिते लावीत बसले, प्रकाशकांना पाठवीत राहिले. हार्मोनिका आणि पियानो यांच्यासाठी बाईंनी लिहिलेली एक रचना त्यांनी स्वतः ओबोसाठी बसवून घेतली. ती आज ओबोवादकांच्या आवडीची झाली आहे. बाईंच्या गीतांचे खंड एकामागून एक निघाले. विधुर झाल्यावर लॉर्ड सदतीस वर्षे जगले; २०१४ मध्ये ते वारले. पत्त्या तासण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना चिकाटी शिकवावी लागत नाही. २०२० मध्ये बाईंचे मोठे इंग्रजी चरित्रही प्रसिद्ध झाले. त्यासाठी त्यांच्या शाळकरी वयातील रोजनिशा कामी आल्या.

आपल्याकडे आणि तिकडेही, थोर पुरुषाच्या मागे कागद जपणारी पत्नी असते, असे चित्र नेहमी रंगवले जाते. येथे कागद पत्नीचे होते आणि जपणारा पती होता. हे मला मोठे वाटते. मात्र केवळ पतीच्या मायेने रचना जगत नाहीत, हेही तितकेच खरे. मायेने पेटी उघडी राहते. आतला माल चोख असावा लागतो.

त्रिकुटाच्या बाबतीत तो चोख होता आणि शिवाय त्याची गरजही होती. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात टेलेमान, क्वांट्स यांच्यासारख्यांनी बासरी आणि ओबो एकत्र घेऊन पुष्कळ लिहिले होते. पुढे मोठमोठ्या रचनाकारांचे दिवाणखान्यातले संगीत मुख्यतः तारवाद्ये आणि पियानो यांच्याभोवती फिरू लागले. ओबोवाले, बासरीवाले वाद्यवृंदात बसत, पण आपल्या घरी तिघे मित्र जमून वाजवायला त्यांच्याजवळ फार थोडे उरले. अशा उपाशी मंडळींपुढे हे ताट आले. आज जगभरच्या संगीतशाळांत जेथे एक बासरीवाला, एक ओबोवाला आणि एक पियानोवाला एकत्र येतात, तेथे कोणीतरी ड्रिंगबाईंचे त्रिकूट काढतोच. त्या १९६८ सालच्या कितीतरी भारदस्त रचना आज ग्रंथांत आहेत. ही मात्र पोरांच्या हातात आहे.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, आणि शिकवण्याची सवय जात नाही म्हणून सांगतो. आपण कामाची थोरवी त्याच्या लांबीरुंदीवरून ठरवतो. पाचशे पानांची कादंबरी लिहिणारा मोठा, मुलांसाठी आठ ओळींची कविता करणारा बिचारा! घरातल्या बाईने सणाच्या गडबडीतून उसंत काढून काही केले, तर आपण त्याला ‘हौस’ म्हणतो. मॅडेलीनबाईंच्या चार-पाच विहिरींविषयी मी वर मास्तरकीच्या ऐटीत चिंता व्यक्त केली आहे. पण त्रिकूट ऐकताना दिसते ते हे की, त्या सगळ्या विहिरींचे पाणी आतून एकच होते. रंगभूमीने त्यांना नेमक्या वेळी थांबायला शिकवले, प्रहसनाने हसायला, गीतांनी सूर लांबवायला, मुलांच्या धड्यांनी सोपे लिहायला, आणि संसाराने ओबोचा श्वास ओळखायला. दहा मिनिटांत ते सारे आले आहे.

पणतीत तेल किती असते? पळीभर. ती रात्रभर जळत नाही, आणि जळावी अशी कोणाची अपेक्षाही नसते. पण पुढच्या वर्षी कोणीतरी तिच्यात पुन्हा तेल घालतो. मॅडेलीनबाईंच्या पणतीत अजून तेल घातले जात आहे.